शेऱ्याचा रकाना

संघाने दिलेला तक्ता साधा आहे :
नाव, उंची, वजन, चढाया, गुण
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना,
दोन बोटं रुंद.
तेवढ्यात मावेल एवढाच मुलगा आम्हाला परवडतो.

गुहागरला सुरूच्या बनामागे मॅट अंथरलीय.
खाली वाळू, म्हणून मध्यरेषेपाशी ती जरा बसते,
आणि पंच दर सामन्यानंतर पाय आपटून बघतो,
बाजारात म्हशीभोवती फिरावं तसा.
त्याला हसायचा हक्क मला नाही.
मीही तेच करायला आलोय.

पहिला अदनान परकार, दाभोळचा.
सहा फूट एक इंच. हात असे
की कोपऱ्यातल्याला वाटावं, आपण लांब आहोत,
तोवर पाठीवर बोटं उमटलेली.
त्याच्या उडीचा व्हिडिओ मालकांनी पाहिलाय,
मालकांच्या मुलाने पाहिलाय,
दोघांचेही फोन येऊन गेले : तुम्ही फक्त सही करा.
पण उडीआधी तो डावा खांदा पाडतो.
दरवेळी. सुपारीएवढा.
कॉलेजच्या पोरांना दिसत नाही ते.
मी अकरा वर्षं डावा कोपरा खेळलो मातीवर,
दोन बोटांची पेरं अजून सरळ होत नाहीत.
मला दिसतं.

दुसरा हर्षल खेराडे, चिपळूण.
आकडे सर्वांत देखणे याचे : चौदा गुण, नऊ बोनस.
समोर सात असले की येतो, रेष चाटतो, घरी जातो.
पाच उरले की याला धाप लागते.
वाईट नाही. अशा माणसांच्या हाती पतपेढी बुडत नाही.

तिसरा यादीत नव्हताच.
भावेश जाक्कर, पालशेत, जेमतेम बासष्ट किलो,
बूट दुसऱ्याचे.
सहा वेळा धरला गेला.
तीनदा परत आला.
धरल्यावर बाकीचे झुंजतात, हा वाटाघाटी करतो :
घोटा देऊन टाकतो, कंबर राखून ठेवतो,
तोंड त्यांच्याकडे, पाठ आपल्या घराकडे,
आणि टाच मागच्या मागे रेष शोधते,
झोपेतल्या हाताला दिव्याचं बटण सापडावं तशी.

मनात वाक्य तयार होतं :
खारव्याचं पोर, हलत्या होडीवर तोल शिकलेलं.
मालकांना असलं आवडतं.
विचारलं, तर लाजला.
"नाय ओ सर, मला होडी लागते. बापूस नेतच नाय."
मग हे मागे चालणं?
"वाडीत रेंज नाय. पाखाडीवर मोबाईल वर धरायचा
नि मागं मागं उतरत जायचा.
एकोणचाळीस पायऱ्या. तेराव्या पायरीवर एक दांडी येते."
मग हळूच, "नाव लिवलात काय?"

लिहिलं. शेरा : परत येतो.
जागा उरली होती. वजनाबद्दल काहीतरी लिहायला हवं होतं.
माझ्या वेळी कुणीतरी माझ्यापुढे 'वय जास्त' लिहिलं होतं,
त्यानेही जागा उरवली असेल.

धोपाव्याहून फेरीबोट सुटली तेव्हा
अदनान माझ्याच बोटीत, किट खांद्यावर,
दोन रिक्षा आणि आंब्याच्या रिकाम्या क्रेटांच्या मध्ये.
बोलायचं नसतं. बोललो.
"डावा खांदा," म्हटलं. "उडीआधी."
तो खाडीकडे बघत राहिला.
दाभोळची जेट्टी दिसू लागली
तेव्हा किट खाली ठेवून तो समोर उभा राहिला,
वाकला,
खांदा पाडला, सुपारीएवढा,
आणि उडी घेतलीच नाही.

आणि मी, बावन्न वर्षांचा, मोडक्या बोटांचा,
डावीकडे सरकलो होतो.
रिक्षावाला हसला.
खिशातला तक्ता बाहेर काढून
मी एक ओळ खोडली.